इरावती कर्वे : नात्यांचा नकाशा आणि मुलांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल

नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' आणि दहावीच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे धडे आपण दरवर्षी शिकवतो. वाटाण्याची उंच आणि बुटकी झाडं, मेंडेल, गुणोत्तरं, झालं. मुलं चौकट भरतात, गुण मिळवतात आणि विसरतात. हाच धडा आपल्या सातारा-सांगलीच्या घराघरांत कसा चालतो हे सांगायचं असेल तर मेंडेलइतकंच आणखी एक नाव घ्यायला हवं. ते म्हणजे इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या तुम्हाला ठाऊक आहेत. पण हाडाच्या त्या मानववंशशास्त्रज्ञ. माणसं कोणाशी लग्न करतात, का करतात आणि त्यातून पिढ्या कशा घडतात, हा त्यांचा जन्मभराचा विषय.

आता तुम्ही म्हणाल, यात कोलेस्टेरॉल कुठून आलं? येतो तिथपर्यंत. आधी बाईंची ओळख.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. एवढीशी पोर, आईवडील समुद्रापलीकडे. पण तिथे तिची शकुंतला परांजपे या मुलीशी गट्टी जमली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात ती मुलीसारखीच वाढली. रँग्लर म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. घरात पुस्तकं, वादविवाद, देवाधर्माचं स्तोम नाही. आपल्या रक्ताच्या घराबाहेर, दुसऱ्याच्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे नात्यांचा अभ्यास करायला निघाली, हे मला नेहमी लक्षात घेण्यासारखं वाटतं.

फर्ग्युसनमधून १९२६ साली त्या तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं एम.ए., १९२८ मध्ये. मधल्या काळात दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. म्हणजे त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. संततिनियमनासाठी आयुष्यभर झगडलेले र. धों. कर्वे हे त्यांचे थोरले दीर. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी हा आग्रह त्यांचा. गंमत पाहा, स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवलेल्या महर्षींना मात्र सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. तरी त्या गेल्या. पैशांसाठी जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं.

बर्लिनमध्ये ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या तिच्या नावातच मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र असे तीन शब्द होते. संस्था १९२७ साली सुरू झालेली, प्रमुख ऑयगेन फिशर. या गृहस्थांचा ठाम समज असा, की गोऱ्या माणसांची बुद्धी वरचढ आणि ते कवटीच्या ठेवणीतसुद्धा दिसायला हवं. इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा. त्यांनी शंभरावर कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. मापं घेतली, हिशेब केला आणि निष्कर्ष लिहिला, की हा फरक सगळ्याच माणसांत आढळतो, त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाला काय हवं आहे ते माहीत असताना, परक्या देशात, कर्ज काढून आलेल्या पंचविशीच्या बाईने हे लिहिलं. पुढे १९३३ नंतर हीच संस्था आणि हेच फिशर नाझी राजवटीच्या कामी आले. आनुवंशिकतेचा अभ्यास किती वाईट वाटेला जाऊ शकतो हे बाईंनी जवळून पाहिलेलं होतं. वर्गात रक्त, जात, वंश असे शब्द आले की ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

परत आल्यावर काही वर्षं त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. कारकुनी कामात त्यांचा जीव रमला नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची संशोधन संस्था सुरू झाली आणि त्या तिथे रुजू झाल्या, त्या शेवटपर्यंत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. नवऱ्याला नावाने हाक मारायच्या, त्याचीही त्या काळात चर्चा व्हायची. पण असल्या गोष्टी सांगून आपण थोरामोठ्यांचं कामच विसरतो, म्हणून इथे थांबतो.

त्यांचं काम म्हणजे चालणं. कॅलिपर घेऊन गावोगाव जायचं, माणसांची डोकी, नाकं, उंची मोजायची, रक्तगट तपासायचे, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून विचारायचं, की तुमच्यात कोणाची मुलगी करतात? वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनाचं त्यांचं पुस्तक १९५१ ला आलं. आणि १९५३ ला आलं ते त्यांचं मोठं पुस्तक, भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचं. त्यात त्यांनी देशाचे चार पट्टे पाडले. उत्तरेकडे लग्न लांबच्या गावात आणि लांबच्या कुळात. आईच्या, बापाच्या, आजीच्या गोत्रातलं कोणी चालत नाही. दक्षिणेकडे उलट. जवळच्यातच सोयरीक, काही ठिकाणी सख्ख्या बहिणीच्या मुलीशीसुद्धा. आणि आपला महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. भाषा उत्तरेकडची, पण लग्नाच्या चालीरीतींत दक्षिणेचा वारा लागलेला. कृष्णेच्या काठाने मिरजेकडून खाली कर्नाटकात उतरत जा, हा वारा तुम्हाला आजही जाणवेल.

आपल्याकडे चालते ती मामाच्या मुलीशी सोयरीक. आतेभाऊ आणि मामेबहीण. पण त्यातही बाईंनी एक बारकावा टिपला. मराठा-कुणबी आणि इतर अनेक समाजांत मुलाने मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी केलेली तितकी चालत नाही. ज्या घरी मुलगी दिली त्या घरातून उलट मुलगी आणायची नाही. मुली वाहायच्या त्या एकाच दिशेने.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो आपल्या तोंडात आहे. खेड्यातली सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामंजी. का? मामाची मुलगी सून होऊन आली तर सासू ही तिची खरोखरच आत्या असते. आणि आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडे मामाच म्हणतात. ज्या घरात नात्यात लग्न झालेलंच नाही त्या घरातही हे शब्द राहिले. बाई असे शब्द गोळा करायच्या, गोधडीला चिंध्या जमवाव्यात तसे. महाभारतातही तेच. सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी आणि कुंती वसुदेवाची बहीण, म्हणजे अर्जुनाने मामाचीच मुलगी केली. अभिमन्यू आणि बलरामाच्या वत्सलेची लोककथा तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक. 'युगान्त' वाचताना हे ध्यानात ठेवा. महाभारताकडे ही बाई एका कुळाची वंशावळ म्हणून बघते.

या चालीला त्यांनी नावं ठेवली नाहीत. त्यांनी विचारलं, यातून माणसांना मिळतं काय? मुलगी ओळखीच्या घरात पडते. सासू परकी नसते. जमीनजुमला, देणंघेणं घरच्या घरात राहतं. दुष्काळी मुलखात, माण-खटाव-जतकडे, अडीअडचणीला धावून येणारं माणूस नात्यातलंच असतं. हे समजून न घेता वर्गात नुसतं 'नात्यात लग्न करू नये' असं सांगून टाकलं तर समोरच्या निम्म्या मुलांच्या आईवडिलांचा आपण अपमान करून बसतो. आणि ते आपलं ऐकत नाहीत ते वेगळंच.

आता कोलेस्टेरॉलकडे वळू या, कारण बाईंच्या हयातीतच जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच नात्यांचा नकाशा एका आजारासाठी उपयोगी पडत होता.

कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नाही. पेशींच्या भिंतीला, संप्रेरकांना, ड जीवनसत्त्वाला, पित्ताला ते लागतं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. रक्तातून ते ज्या गाड्यांमधून फिरतं त्यातली एक गाडी म्हणजे एलडीएल. गाडीचा माल उतरवायला यकृताच्या पेशींवर दारं असतात. दारं बनवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते, एकोणिसाव्या गुणसूत्रावर. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली आली तर दारं निम्मी. गाड्या रस्त्यावरच फिरत राहतात, रक्तातलं एलडीएल साधारण दुप्पट होतं. तेही जन्मापासून. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तर दारं जवळजवळ नाहीतच. मग एकूण कोलेस्टेरॉल ६०० ते १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं, जिथे मुलांमध्ये १७० च्या आत असावं असं मानतात.

नॉर्वेतल्या कार्ल म्युलर नावाच्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये काही कुटुंबांचं वर्णन केलं. कातडीवर आणि स्नायूंच्या दोऱ्यांवर पिवळट गाठी, रक्तात कोलेस्टेरॉल जास्त, आणि पिढ्यान्‌पिढ्या छातीत दुखून माणसं जाणं. पण एक कोडं राहिलं. काही घरांत आजार मध्यमवयात, काही घरांत शाळकरी पोरांनाच. हे कोडं सुटायला मदत झाली लेबनॉनमध्ये, १९६४ साली. तिथे चुलत-मावस भावंडांत लग्नं सर्रास. खाचादुरियन या डॉक्टरांनी अशा कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या आणि दाखवलं की एक प्रत बिघडलेली आईबापं आणि दोन्ही बिघडलेली मुलं असे दोन स्पष्ट गट पडतात. लग्नाची रीत कळली म्हणून आजार कळला. इरावतीबाई त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात हिंडत होत्या. त्यांनी कोलेस्टेरॉलचा अभ्यास केला नव्हता, तसा दावा कोणी करू नये. पण ज्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरला वंशावळीशिवाय मिळत नाही, ती वंशावळ कशी विचारायची हे त्यांच्याकडून शिकावं.

हिशेब आपण फळ्यावर करू. समजा एका तरुणाला आईकडून एक बिघडलेली प्रत आली आहे. आईच्या भावाला, म्हणजे मामाला, ती असण्याची शक्यता दोनात एक. मामाच्या मुलीला असण्याची शक्यता चारात एक. दोघांचं लग्न झालं आणि दोघांकडेही ती प्रत असली, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. म्हणजे एकंदर सोळात एक. आता तोच तरुण नात्याबाहेरची मुलगी करतो. जगभरात ही प्रत साधारण अडीचशे माणसांत एकाकडे असते असं धरतात. मग शक्यता हजारात एक. सोळात एक आणि हजारात एक, हा फरक मुलांना लगेच कळतो. पण दुसरी बाजूही सांगा. घरात ही प्रत नसेलच, तर मामाच्या मुलीशी लग्न करून हा आजार काही उगवत नाही. नातं आजार निर्माण करत नाही, असलेली चिठ्ठी दोन्हीकडून एकाच पत्त्यावर पोचवतं. शिवाय नात्याबाहेर लग्न केलं तरी एक प्रत असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता दोनात एक राहतेच.

आणि एक प्रत म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. उपचार न घेतलेल्या अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, बायकांपैकी साधारण तीस टक्क्यांना साठीच्या आत. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला तर विशीच्या आत, कधी दहा-बारा वर्षांचं असतानाही झटका येऊ शकतो.

या मुलात वरून काही दिसत नाही, ही खरी अडचण. आपल्याला वाटतं कोलेस्टेरॉल म्हणजे जाड माणूस, तूप, वडापाव. तालमीत जोर मारणारं, कबड्डीत चढाई करणारं सडपातळ पोर असतं आणि त्याचं एलडीएल दोनशेच्या वर असू शकतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर मात्र कोपर, गुडघे, घोट्यामागची शीर, बोटांचे सांधे, ढुंगण अशा जागी लहानपणीच पिवळट, नारिंगी गाठी दिसतात. त्या दुखत नाहीत. म्हणून घरचे त्यांना चामखीळ किंवा चरबीची गाठ समजून सोडून देतात. आपण शिक्षक रोज शंभर मुलांचे कोपर-गुडघे बघतो. डॉक्टर तेवढे बघत नाहीत.

बऱ्याच मुलांचं थोडंफार वाढलेलं कोलेस्टेरॉल मात्र या एका जनुकामुळे नसतं. त्यात अनेक जनुकांचा छोटा छोटा वाटा असतो आणि खाणं, वजन, मैदानावरचा वेळ यांचाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण अर्धा भाग वारशाचा. आईबापांनी एका अहवालावरून घाबरून वाढत्या मुलाचं दूध-अंडं बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडमुळेही आकडा वाढतो.

आता परत बाईंकडे. त्यांचा आणि सातारा जिल्ह्याचा संबंध नुसता कागदावरचा नव्हता. थोरली मुलगी जाई निंबकर फलटणला राहिली, लेखिका झाली. धाकटी गौरी देशपांडे, तीही लेखिका, पुढे फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिली. १९६५ मध्ये बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज. स. रणदिवे यांच्याबरोबरचा, फलटण हे वाढतं गाव आणि आसपासचा परिसर यांवरचा. त्याआधी पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या. ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्याच जिल्ह्यातून जाते. त्या वाटचालीवरचा लेख अवश्य वाचा. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या बायका स्वयंपाकाला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे पाहून त्या किती अस्वस्थ झाल्या ते त्यात आहे.

या अस्वस्थतेमागे त्यांचं शास्त्रही होतं. त्यांचं म्हणणं असं, की जात म्हणजे एका मोठ्या समाजाचे पडलेले तुकडे नव्हेत. जात म्हणजे आपसातच लग्न करत आलेला, पसरलेला एक नात्याचा गट, आणि असे वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन समाज बनला. गुरू घुर्ये यांचं मत वेगळं होतं. मुद्दा तपासायला त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मापं आणि रक्ताचे गुणधर्म पडताळले. १९६८ साली तो लेख छापून आला. वरून एकाच पायरीवरचे समजले जाणारे हे गट जैविक दृष्ट्या एकसारखे निघाले नाहीत. एका वर्णाचे म्हणून एका रक्ताचे, असं काही नाही.

याचाही आपल्या विषयाशी संबंध आहे बरं का. शेकडो वर्षं आपसातच लग्न करणाऱ्या गटात एखाद्या मूळपुरुषाकडची बिघडलेली प्रत पसरत जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांत असंच झालं. थोड्या कुटुंबांतून वाढलेला तो समाज, आणि आज तिथे कोलेस्टेरॉलची ही प्रत अडीचशेत एक नाही, शंभरात एक किंवा त्याहूनही अधिक. कॅनडातल्या फ्रेंच भाषकांचीही तशीच गोष्ट. सख्खं नातं नसलं तरी जात ही लांबची भावकीच असते, हे बाईंचं सूत्र इथे डॉक्टरांच्या कामाला येतं.

शेवटचं मोठं काम कोयनेचं. धरणाने पाटण आणि जावळीच्या खोऱ्यातली गावं उठली. कोणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कोणी थेट कोकण उतरलं. विस्थापितांची पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर, मायलेकींनी मिळून केली, १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. धरणाचे फायदे मोजणारे पुष्कळ होते, उठलेल्या माणसांची विचारपूस करणारे थोडे. उठलेल्या घराचं एक नुकसान कोणत्याच पाहणीत येत नाही, ते मी माझ्या पदरचं सांगतो. आजोबा कशाने गेले, चुलता किती वर्षांचा असताना गेला, हे सांगणारी म्हातारी माणसं आणि भावकी विखुरते. मग डॉक्टरने घराण्याचा इतिहास विचारला की मुलगा म्हणतो, माहीत नाही.

'युगान्त' १९६७ ला आलं, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. पासष्टही पूर्ण नव्हती.

त्यानंतर तीन-चार वर्षांतच अमेरिकेत डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीने यकृताच्या त्या दारांचा शोध लावला. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांनी ते दाखवलं. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. आज उपचार आहेत. एक प्रत बिघडलेल्या मुलाला आठ-दहा वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टॅटिन गटातली गोळी देतात, आणि लवकर सुरू केली तर त्याचं आयुष्य इतरांसारखंच जाऊ शकतं. दोन्ही प्रतींचा आजार अवघड, त्याला मोठ्या रुग्णालयात रक्त गाळण्यापर्यंतचे उपाय लागतात. पण त्यासाठी मूल सापडायला हवं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, वजन-उंची, दात, डोळे, हृदयाचे जन्मजात दोष बघतं. त्या यादीत कोलेस्टेरॉल नाही. अमेरिकेत २०११ पासून नऊ ते अकरा आणि सतरा ते एकवीस या वयांत सगळ्याच मुलांची तपासणी करावी अशी शिफारस आहे. मधली वर्षं मुद्दाम सोडतात, कारण वयात येताना कोलेस्टेरॉल आपोआप थोडं उतरतं आणि आकडा फसवतो. ज्या घरात आजार माहीत आहे तिथे दोन वर्षांनंतर केव्हाही तपासावं. आपल्याकडे सगळ्यांची तपासणी कधी होईल तेव्हा होवो. तोवर इरावतीबाईंची वही उघडायला खर्च येत नाही.

वर्गात असं करता येईल. दहावीचा धडा झाला की मुलांना घरची वंशावळ काढायला सांगा, तीन पिढ्यांची. बाईंच्या पद्धतीने, म्हणजे आईकडची बाजूही तितकीच भरायची. आपल्याकडे वंशावळ म्हटलं की बापाकडची नावं येतात, आजीचं माहेर कोणी लिहीत नाही. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, नात्यातल्या लग्नाला दोन आडव्या रेघा. कोण कितव्या वर्षी आणि कशाने गेलं ते कंसात. हे कागद भिंतीवर लावायचे नाहीत, वर्गात वाचून दाखवायचे नाहीत, मुलाने ते घरीच ठेवायचे. दत्तक मूल, मोडलेलं लग्न, लपवलेला आजार असं काहीही निघू शकतं. म्हणून कागद तपासून गुणही देऊ नका.

पण पालकसभेत एवढं सांगा. घरात एखादा पुरुष पंचावन्नच्या आत किंवा बाई पासष्टच्या आत हार्ट अटॅकने गेली असेल, किंवा आईबापांपैकी कोणाचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं असेल, तर मुलांचं एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, तालुक्याच्या गावी होते. मुलाचं एलडीएल १३० च्या वर आलं तर ते जास्त धरतात. १६० च्या वर आलं आणि घरात असा इतिहास असला, किंवा इतिहास नसतानाही १९० च्या वर आलं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मिरज, कऱ्हाडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. आणि एक मूल सापडलं की भावंडं, आईबाप, मामा, मावशी, आत्या, काका, सगळ्यांची तपासणी. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल आणि घरात हा आजार असेल, तर पत्रिकेच्या आधी दोघांचा रक्ताचा अहवाल बघा. दोघांचाही आकडा बरोबर निघाला तर त्या आजाराची काळजी बरीचशी मिटते. एकाचाच वाढलेला निघाला तर औषध सुरू होईल, लग्न अडायचं कारण नाही. दोघांचाही वाढलेला निघाला तर मात्र हळद लागण्याआधी डॉक्टरांपुढे एकत्र बसा, आणि त्या वेळी मामा, आत्या, दोघांचे आईबाप, सगळे खोलीत असू द्या.